दहा आकडी मूळ संख्येचा सातबारा कसा काढायचा

गुहागरचा पिनकोड ४१५७०३. ही मूळ संख्या आहे, असं मी एका पावसाळ्यात शिकवणीच्या पोरांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं, कशानेच भाग जात नव्हता. वीज गेलेली, पडवीत कंदील, आतून जेवायची हाक. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी वहीचं पान घेऊन दारात उभी. पानावर एकच ओळ: १५१ × २७५३ = ४१५७०३. "सर, तुम्ही लवकर थांबलात."

लवकर थांबलो होतो हे खरंच. "भाग जात नाही" आणि "भाग जाऊच शकत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पहिलीवरून दुसरी सांगितली होती. आमच्या बाजूला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. ही नारळाची बाग आमचीच, असं गावभर सांगणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं. (सातबारा असूनही भांडणं होतात म्हणा. संख्येच्या सातबाऱ्यावर मात्र एकदा नोंद झाली की कुणी दिवाणी दावा लावू शकत नाही.)

तेव्हा एका मोठ्या मूळ संख्येचा असा उतारा पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन. दहावीपर्यंतचं गणित पुरे. संख्या मी निवडली आहे: २१४७४८३६४७. मोबाईल नंबराएवढी, दहा आकडी. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आजच्या मापाने ही काही अजस्र नाही. पण हाताने तपासायला पुरेशी मोठी, आणि तिच्यात शिकण्यासारखं इतकं आहे की मी दरवर्षी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

साहित्य: वही, पेन्सिल आणि शक्य असेल तर पायथॉन ही संगणकभाषा किंवा पारी-जीपी ही गणिताची आज्ञावली, यांपैकी एक. दोन्ही फुकट आहेत. मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. दहा आकडी संख्येचा वर्ग एकोणीस-वीस आकड्यांचा होतो, कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे गिळून गोल उत्तर दाखवतो, आणि आपला सगळा खेळ त्या शेवटच्या आकड्यांवर म्हणजे बाकीवर असतो. दरवर्षी कुणी ना कुणी इथे फसतो.

पायरी १: संख्या कशी बनली आहे ते पाहा

भागायला धावू नका. आधी संख्येच्या आसपास बघा. तिच्यात १ मिळवला की २१४७४८३६४८ होतात आणि हा २ चा ३१ वा घात आहे. म्हणजे आपली संख्या २^३१ − १. (घात असा लिहिणार आहे, सवय करून घ्या.) अशा रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच पाद्री. १६४४ मध्ये त्यांनी २ च्या कोणकोणत्या घातांकांना अशी मूळ संख्या मिळते याची यादी दिली. यादीत ३१ बरोबर होता. ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. म्हणजे मी एकटाच लवकर थांबणारा नाही.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. घातांक संयुक्त असेल तर २^घातांक − १ ही संख्याही संयुक्तच निघते. उलटं मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ही २०४७ पुढे आपल्याला वारंवार लागणार आहे. खोटी नोट ओळखायला शिकायचं तर खोटी नोटही हाताशी असावी लागते.

पायरी २: साधी चाळणी, पण हद्द ठरवून

मूळ संख्या म्हणजे काय ते मी सुपाऱ्यांनी दाखवतो. १२ सुपाऱ्या ३ ओळींत ४-४ मांडता येतात. १३ कशाही मांडा, एक सरळ ओळ सोडून आयत होत नाही. आयताची लहान बाजू वर्गमुळापेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून भागून बघायचं ते वर्गमुळापर्यंतच. ४१५७०३ चं वर्गमूळ ६४४ च्या पुढे थोडं. ६४४ पर्यंत ११७ मूळ संख्या आहेत. मी २५ तपासून उठलो, १५१ ही छत्तिसावी. आणखी अकरा भागाकारांचा कंटाळा केला नसता तर अब्रू वाचली असती.

सरावाला आसपासचे पिनकोड घ्या. दापोलीचा ४१५७१२ समच आहे, तो लगेच बाद. खेडचा ४१५७०९ वरवर पाहता भारदस्त वाटतो, पण ७ ने भागला की ५९३८७. गुहागरचा सगळ्यांत चिवट.

आता आपल्या संख्येकडे. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक १२, म्हणून ११ बाद. छान. पण वर्गमूळ येतं ४६३४० च्या पुढे, आणि तिथपर्यंत जवळपास ४,८०० मूळ संख्या आहेत. रोज पन्नास भागाकार केले तरी तीन महिने. पावसाळा संपेल.

पायरी ३: ऑयलरची युक्ती

१७७२ च्या सुमारास लेओनार्ड ऑयलर यांनी ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि तसं बर्नुलीना पत्रातून कळवलं. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. तरी त्यांनी ४,८०० भागाकार केले नाहीत. करायची गरजच नव्हती.

समजा q ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. (इथे q ऐवजी आपण "भाजक" म्हणू, म्हणजे रोमन अक्षराशी झटापट नको.) आता एक घड्याळ कल्पा, ज्याच्यावर भाजकाएवढे तास आहेत. बारा तासांच्या घड्याळात १३ वाजले की १ वाजतो, तसं भाजकाच्या घड्याळात फक्त बाकी उरते. या घड्याळावर २ ला २ ने गुणत जा: २, ४, ८, १६... भाजक २^३१ − १ ला भागतो, म्हणजे ३१ व्या पावलाला बरोबर १ वाजतो. ३१ मूळ असल्यामुळे त्याआधी मध्येच १ वाजू शकत नाही. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की मूळ संख्येच्या घड्याळावर (भाजक − १) पावलांनंतरही १ वाजायलाच हवा. दोन्ही एकदम खरं व्हायचं तर भाजक − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भाजक विषम आहे, म्हणून ६२ ने.

एवढ्यावरच भाजक ६३, १२५, १८७ अशा साखळीत अडकला. दुसरी अट आणखी गमतीची. ३१ व्या पावलाला १ वाजतो, म्हणजे ३२ व्याला २ वाजतात. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे या घड्याळावर २ ही पूर्ण वर्ग संख्या झाली, आणि तसं फक्त ८ ने भागून १ किंवा ७ बाकी राहणाऱ्या मूळ संख्यांच्या घड्याळावरच होतं. दोन्ही अटी जोडल्या की उरतं एवढंच: भाजक २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ राहिली पाहिजे.

मोजून बघा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यातल्या मूळ संख्या कोणत्या? ३११ आणि १३०३. बाकीच्या सगळ्या संयुक्त. म्हणजे १३०० पर्यंत फक्त एक भागाकार! ४६३४० पर्यंत या साखळीत पावणेचारशेच्या आत संख्या येतात, आणि त्यातल्या संयुक्त गाळल्या की शंभराच्या आत. तीन महिन्यांचं काम दोन संध्याकाळींवर.

भागाकारही खरा करायचा नाही, घड्याळावरच करायचा. ३११ साठी: २^८ = २५६, म्हणजे −५५. त्याचा वर्ग ३०२५, बाकी २२६, म्हणजे −८५. हे २^१६ झालं. (−५५) × (−८५) = ४६७५, बाकी १०; हे २^२४. त्याला २^७ म्हणजे १२८ ने गुणा: १२८०, बाकी ३६. तेव्हा २^३१ − १ ला ३११ ने भागल्यावर बाकी ३५. भाग जात नाही. चार ओळींत दहा आकडी भागाकार झाला, आणि दहा आकडी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

हे खरंच चालतं का, याची खात्री २०४७ वर करा. तिथे घातांक ११, म्हणून भाजक − १ ला २२ ने भाग जायला हवा. २३ − १ = २२, ८९ − १ = ८८. बरोबर.

नवशिक्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. पुढचं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे एकदा गळी उतरलं की मोठ्या संख्येची भीती जाते.

पायरी ४: फर्माची कसोटी, आणि तिच्यातला खड्डा

संख्येला खास रूप नसेल तर ऑयलरची युक्ती लागत नाही. मग पहिली सोपी कसोटी फर्माची: एखादा पाया घ्या, त्याचा (संख्या − १) वा घात काढा, संख्येने भागा. बाकी १ नसेल तर संख्या संयुक्त, विषय संपला. बाकी १ असेल तर... तर काहीच ठरत नाही. "असू शकेल" एवढंच.

खड्डा असा की मर्सेनच्या रूपातल्या संख्यांवर पाया म्हणून २ घेऊ नये. घातांक मूळ असेल तर उत्तर कायम १ च येतं. २०४७ ही उघड संयुक्त संख्या २ च्या कसोटीतून हसत हसत सुटते. ३ घ्या. ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ येते आणि भांडं फुटतं. पायथॉनमध्ये घात काढण्याच्या फंक्शनला दोनऐवजी तीन आकडे दिले (पाया, घातांक, भाजक) की ते थेट बाकीच देतं, एका क्षणात. आधी घात आणि मग भागाकार असं दोन टप्प्यांत करू नका, आपल्या दहा आकडी संख्येला संगणक हात टेकेल.

काही संख्या तर त्यांच्याशी सामाईक अवयव नसलेल्या सगळ्याच पायांना फसवतात. ५६१ = ३ × ११ × १७ ही त्यातली सगळ्यांत लहान, आणि रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ = ७ × १३ × १९ हीही त्याच टोळीतली. यांना कारमायकेल संख्या म्हणतात. म्हणून रोजच्या वापरात फर्माऐवजी तिची कडक बहीण, मिलर-राबिन कसोटी वापरतात. तिच्यात २, ३, ५, ७ हे चारच पाये घेतले तर ३२१५०३१७५१ च्या खालची एकही संयुक्त संख्या निसटत नाही. आपली संख्या त्याच्या खाली आहे. घाई असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण मग उताऱ्यातली मजा राहील.

पायरी ५: लुका-लेमर, म्हणजे मर्सेनच्या घरची कसोटी

फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. हातगणिताने सिद्ध झालेली ती आजवरची सगळ्यांत मोठी मर्सेन मूळ संख्या. त्यांच्या पद्धतीला पुढे डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत केलं. कृती स्वयंपाकातल्यासारखी आहे:

४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा. हे घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी ० आली तर मूळ. नाही तर नाही. "कदाचित" नाहीच.

१२७ = २^७ − १ वर करून बघू. पाच फेऱ्या.
४ → १४.
१४ → १९४, बाकी ६७.
६७ → ४४८७, बाकी ४२.
४२ → १७६२, बाकी १११.
१११ → १२३१९, बाकी ०.
दाखला मिळाला.

बाकी काढायची एक युक्ती आहे. लहानपणी उत्तर तपासायला नवांची कसोटी करायचो, अंकांची बेरीज करत जायची; तसंच इथे १२८ च्या पटीत. ४४८७ मध्ये १२८ पस्तीस वेळा, उरले ७. मग ३५ + ७ = ४२. झाली बाकी. १२३१९ मध्ये १२८ शहाण्णव वेळा, उरले ३१, बेरीज १२७, म्हणजे शून्य. भागाकार नाही, नुसती घडी घालून बेरीज. संगणकाचं तर सगळं २ च्या घातातच चालतं, त्यामुळे त्याला हे अगदीच हातचं. याच कारणाने जगातल्या सगळ्यांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुतेकदा मर्सेनच्याच असतात. त्या काही इतरांपेक्षा जास्त मूळ नसतात, तपासायला स्वस्त पडतात.

२०४७ साठी नऊ फेऱ्या करा. शेवटी १७३६ उरतात, शून्य नाही. आपल्या २^३१ − १ साठी २९ फेऱ्या. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम, आणि शेवटी ० येतो. हाताने करायला गेलात तर दर फेरीला नवांच्या कसोटीने गुणाकार तपासा. एक आकडा चुकला की पुढचं सगळं वाहून जातं आणि शेवटी शून्याऐवजी काहीतरी गचाळ संख्या येते. कुठे चुकलं ते शोधणं म्हणजे भरतीनंतर वाळूत चप्पल शोधणं.

पायरी ६: दुसऱ्याला तपासता येईल असा दाखला

लुका-लेमर फक्त मर्सेनसाठी. कुठल्याही मूळ संख्येला चालणारा दाखला वेगळ्या वाटेने मिळतो. संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येचे अवयव पाडायचे:

२१४७४८३६४६ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

यातला १५१ पाहिलात? गुहागरचा पिनकोड फोडणारा तोच. मी हे पहिल्यांदा कागदावर पाडलं तेव्हा उगाचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. योगायोगच आहे, त्यात अर्थ शोधू नका.

आता पाया ७ घ्या. दोन गोष्टी तपासायच्या. एक, ७ चा २१४७४८३६४६ वा घात भागून बाकी १ येते. दोन, त्या घातांकाला वरच्या सात मूळ अवयवांपैकी एकेकाने भागून आलेल्या लहान घातांकांवर बाकी १ येत नाही. एकूण आठ गणितं. आठही बरोबर आली तर अर्थ असा की ७ चे घात या घड्याळावर एकही घर न वगळता सगळी २१४७४८३६४६ घरं फिरून मगच १ वर परततात. संयुक्त संख्येच्या घड्याळावर ते शक्यच नसतं, कारण तिच्या अवयवांच्या पटीतली घरं घातांना कधीच सापडत नाहीत. म्हणून संख्या मूळ.

कल्पना लुका यांचीच. १९७५ मध्ये वॉन प्रॅट यांनी दाखवलं की असा दाखला प्रत्येक मूळ संख्येला असतो आणि तो आटोपशीर असतो. दाखला शोधायला त्रास पडेल, पण तपासणाऱ्याला नाही. मोठ्या अवयवांचेही असेच दाखले जोडावे लागतात. आपला सगळ्यांत मोठा अवयव ३३१, तो १७ पर्यंत भागून पाहिला की झालं.

पाया २ का घेतला नाही? कारण २ तर ३१ पावलांतच घरी परततो. बाकीची घरं त्याने पाहिलेलीच नसतात. ७ हा सगळी घरं फिरणारा सगळ्यांत लहान पाया. या गुणाचा प्रत्यक्ष उपयोगही झाला: पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये संगणकावर यादृच्छिक वाटणारे आकडे काढायला किमान दर्जा म्हणून जी रीत पुढे केली, तिच्यात हीच मूळ संख्या आहे आणि गुणक १६८०७, म्हणजे ७^५.

मूळ संख्या तपासायचं काम सर्वसाधारण संख्येलाही खात्रीने आणि झटपट करता येतं, हे तात्त्विकदृष्ट्या २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. शिकवणीतल्या मुलांना मी हे वाक्य मुद्दाम दोनदा सांगतो.

पायरी ७: उताऱ्यावर काय काय लिहायचं

मूळ आहे एवढं कळलं म्हणून उतारा पूर्ण होत नाही. आम्ही वहीत खालच्या नोंदी करतो.

चतुःसीमा. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. म्हणजे एका बाजूला १८ चं अंतर, दुसरीकडे १२ चं. या पट्ट्यात सरासरी साडेएकवीस संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, म्हणजे आपली जरा दाटीच्या वस्तीत राहते. जुळी मात्र नाही: २ ने कमी केली तर शेवटी ५, २ ने वाढवली तर अंकांची बेरीज ४८ म्हणून ३ ने भाग जातो. २ पासून मोजत आलं तर तिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा.

इतर अधिकार. ४ ने भागल्यावर बाकी ३, म्हणून ती दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. ८ ने भागल्यावर बाकी ७, म्हणून तिच्या घड्याळावर २ चं वर्गमूळ आहे आणि ते चक्क पूर्णांक आहे: ६५५३६. पडताळा घ्या. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. त्यातून आपली संख्या दोनदा वजा करा, २ उरतात. वर्गमूळ दोन म्हटलं की १.४१४ पाठ म्हणणाऱ्या पोरांचे चेहरे इथे पाहण्यासारखे होतात.

तिला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच. ६ आणि २८ च्या कुळातली. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितीने लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधायच्या फंदात पडणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, कामाच्या नाहीत. पासष्ट वर्षांत लुका यांनी त्यांना खोटं पाडलं.

संगणकात. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच. जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजतात, आणि ती मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. त्याच्या पुढच्या सेकंदाला न सुधारलेल्या यंत्रणा १९०१ सालात जाऊन पडतील.

फसलेली मोह-नोंद. ३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, २^१२७ − १ मूळ. मग २ चा घातांक म्हणून आपलीच संख्या ठेवली तर? २^२१४७४८३६४७ − १? ती संयुक्त आहे. तिचा एक भाजक २९५२५७५२६६२६०३१. पायरी ३ आठवा: हा भाजक २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १ असाच निघतो. एवढा गुणाकार स्वतः करून पाहा, ऑयलरच्या साखळीवरचा विश्वास पक्का होईल.

पुढे कुठे जायचं

बँकेच्या व्यवहारांना लागणाऱ्या कुलुपांत तीनशेहून जास्त आकड्यांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो. तत्त्व गुहागरच्या पिनकोडचंच: १५१ आणि २७५३ गुणायला अर्धं मिनिट, गुणाकारावरून त्या दोघी शोधायला एक अख्खी संध्याकाळ आणि एक हुशार मुलगी. आपली संख्या अशा कामाला निरुपयोगी, लहान आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.

शिकारीची हौस असेल तर मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधणारा, १९९६ पासून चाललेला गिम्प्स हा प्रकल्प आहे, घरचा संगणकही त्यात लावता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्यूरंट यांनी त्यात शोधलेली २^१३६२७९८४१ − १ ही आज ज्ञात असलेली सगळ्यांत मोठी मूळ संख्या. आकडे ४,१०,२४,३२०. पानाला तीन हजार आकडे छापले तर तेरा हजार सहाशेहून जास्त पानं. आमच्या पावसात एवढा कागद सुका ठेवणंच अवघड. एक सूचना: संगणक आठवडेच्या आठवडे तापत राहतो, आणि वीज वारंवार जात असेल तर अधूनमधून काम साठवलं जातंय ना हे बघा.

मी मात्र नव्या मुलांना आधी घरचा अभ्यास देतो तो डहाणूच्या वाटेने. द. रा. कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलं, आणि ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे जगभर माहीत झाले. त्यांच्या डेम्लो संख्यांमध्ये ११² = १२१, १११² = १२३२१ असे नुसत्या एकांचे वर्ग येतात. आपण वर्ग न करता नुसते एक घ्यायचे. ११ मूळ आहे. १११ = ३ × ३७. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. एकांची संख्या संयुक्त असेल तर ती संख्याही संयुक्तच, हे मर्सेनसारखंच. आणि ७ एकांच्या कुठल्याही मूळ भाजकातून १ वजा केला तर ७ ने भाग जातो, हेही तसंच: २३८ = ७ × ३४, ४६४८ = ७ × ६६४.

आता एकोणीस एक ओळीने लिहा: ११११११११११११११११११. मोजून बघा, मी वर मुद्दाम एक कमी लिहिला आहे. अठरा एकांना तर ३ नेच भाग जातो. विसावा लागू देऊ नका, एकोणिसावा लिहा. ती मूळ संख्या आहे. भाजक असलाच तर तो १९ च्या, म्हणजे ३८ च्या पटीत एक मिळवून येणार, एवढा धागा हातात आहे. एक वजा केला की शेवटी शून्य येतं, म्हणजे २ आणि ५ हे अवयव आयते सुटतात, आणि उरलेल्या अठरा एकांत नऊ एकांची संख्या ओळीने दोनदा लिहिलेली आहे. तिथून दाखला काढा. नऊ एक म्हणजे ३² × ३७ × ३३३६६७, एवढं मी सांगून ठेवतो. आणि भागत बसलात तर जेवायची हाक आली तरी मध्येच उठू नका.